घ-सातची तोफ

दातकर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण पस्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्यावर खरं आडनाव फक्त मतदार यादीपुरतं उरलं होतं. गल्लीत, औषधांच्या दुकानात, फार काय सासुरवाडीतसुद्धा तो दातकरच होता. निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक बर्नर आणि घासायचं छोटं मशीन मांडलं होतं. कुणाची कवळी मोडली, कुणाचा एखादा दात निखळला, की औषधवाला माणूस इकडे पाठवून द्यायचा. बायकोला त्या कामाचा वास सोसत नसे. ती दार लावून घ्यायची आणि बाहेरून म्हणायची, "अहो, निवृत्त झालात ना? मग सुगंधही निवृत्त करा की!"

एका सोमवारी सकाळी एक बाई आली. साठीपुढची, ताठ कण्याची, चालणं भराभर. तिने पिशवीतून प्लास्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली.

"दादाची आहे. माझ्या भावाची. बेसिनमध्ये हातातून सुटली. होईल का नीट?"

वरच्या जबड्याची कवळी होती, मधोमध दुभंगलेली. दातकरने दोन्ही तुकडे हातात घेतले, उजेडाकडे धरले, कडा जुळवून बघितल्या. मग त्याचं लक्ष डाव्या सुळ्याकडे गेलं आणि हात तिथेच थांबला.

सुळा जरासा बाहेर वळलेला होता. चूक म्हणून नाही, मुद्दाम. त्याच्या शेजारच्या दातावर सुळ्याची सावली पडावी इतकाच. असे दात लावणारा माणूस दातकरने आयुष्यात एकच बघितला होता. सगळे कारागीर दात ओळीत, शाळेतल्या प्रार्थनेसारखे उभे करत, तो एक मात्र म्हणायचा, "अरे, सरळ दात फक्त कंगव्याला असतात."

"ही कवळी कुणी केली?" दातकरने विचारलं. आवाज जितका साधा ठेवता येईल तितका ठेवला.

"त्यानेच. स्वतःची स्वतः केली. तेच काम होतं ना त्याचं."

"त्यांना मेजर म्हणायचे का?"

बाई चमकली. "तुम्हाला कसं माहीत? ते नाव तर त्याच्या जुन्या कारखान्यातलं. आता मी आणि तो सोडून कुणाला ठाऊकही नाही."

दातकरने दोन्ही तुकडे अलगद खाली ठेवले. "उद्या दुपारी मी स्वतः घेऊन येतो," तो म्हणाला. "पत्ता द्या. तोंडात बसवून बघितल्याशिवाय कळत नाही." हे अर्धं खरं होतं.

* * *

मेजर कधीच सैन्यात नव्हता. त्याने बंदूक काय, पतंगाची फिरकीसुद्धा धड हातात धरली नव्हती. पण डावात फौज अशी चालवायचा की मालकांनी एकदा बघून म्हटलं, "हा आपला मेजर," आणि ते नाव चिकटलं.

कवळ्यांचा तो कारखाना म्हणजे एक लांब खोली. एका भिंतीला खिडक्या, दुसऱ्या भिंतीला प्लास्टरची पोती, आणि मधोमध कामाचा ओटा, पांढऱ्या चौकोनी फरश्यांनी मढवलेला. एका अंगाला अकरा फरश्या, दुसऱ्या अंगाला अठरा. मेण सांडलं तर खरवडता यावं, प्लास्टर सांडलं तर पुसता यावं, एवढ्यासाठी त्या फरश्या होत्या. त्यांचा दुसरा उपयोग शोधून काढला तो या दोघांनी.

कवळीचं काम असं असतं. आधी मेणात हिरडी घडवायची, त्यात दात रोवायचे, मग सगळं प्लास्टरसकट पितळी साच्यात बंद करायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत गुलाबी मसाला भरायचा. शेवटी साचे गरम पाण्यात शिजत ठेवायचे. दीड तास. पाण्याची उष्णता इकडची तिकडे झाली की कवळीत बुडबुडे, म्हणून माणूस जवळ हवाच. आणि त्या दीड तासात दुसरं काम करावं तर सकाळपासून मान मोडून बसलेलं असायचं. कवळ्या शिजताहेत आणि कारागीर रिकामे, अशी ती वेळ.

सुरुवात मेजरने केली. उरल्यासुरल्या मेणाचा त्याने एक शिपाई कोरला, बोटाच्या पेराएवढा, आणि साच्याच्या कोपऱ्यात ठेवून कवळीबरोबर शिजवून काढला. दाताच्या रंगाचा, पांढरा. दातकरला गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी त्याने एक घोडेस्वार केला, हिरडीच्या रंगाचा, गुलाबी. वर्षभरात दोन फौजा उभ्या राहिल्या. मेजरची पांढरी, दातकरची गुलाबी. पंचवीस-पंचवीस प्यादे, सहा-सहा घोडेस्वार, दोन-दोन तोफा आणि एकेक सेनापती. मेजरच्या सेनापतीच्या डोक्यावर तुरा होता, इतका बारीक की तो कोरायला त्याने दात कोरायचं सर्वांत पातळ हत्यार वापरलं होतं. दातकरचा सेनापती घोड्यावर बसलेला असूनही पेंगुळल्यासारखा दिसायचा. "मालकांवर गेलाय," मेजर म्हणायचा.

एकदा घोळ झाला. एका आजोबांच्या कवळीच्या डबीत चुकून एक गुलाबी घोडा गेला. चार दिवसांनी दंतवैद्यांकडून तो परत आला, सोबत चिठ्ठी: "कवळी उत्तम बसली. या दाताला मात्र जागा सापडली नाही." मालकांनी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली. दोघांना वाटलं, आता गेली नोकरी. मालक घोडा उलटासुलटा करून बघत राहिले आणि म्हणाले, "शेपूट जाड झालंय." बस. त्या दिवसापासून खेळाला राजमान्यता मिळाली.

नियम दोघांनी मिळून केले आणि ते करताना भांडले इतके की खेळताना तेवढे कधी भांडले नाहीत. फरशी हे माप. एका फरशीवर एकच सोंगटी. प्यादा एका पाळीत एक फरशी चालणार, घोडेस्वार तीन, पण सरळ. तिरकं कुणीच जायचं नाही. तोफ सरळ रेषेत पाच फरश्यांपर्यंत डागायची, मध्ये कुणी नसेल तरच. मारणारा कुणीही असो, फासा टाकायचा, चार किंवा वर पडलं तर समोरचा गारद. आणि तोफ जड, म्हणून ज्या पाळीत ती एक फरशी सरकवली त्या पाळीत डागता येणार नाही. सेनापती पडला की डाव संपला.

फरश्यांना नावं होती. अकरा ओळींना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ, ड. मधले ङ आणि ञ दोघांनाही धड म्हणता येईनात, म्हणून त्यांना सैन्यात घेतलंच नाही. आडव्या अठरा ओळींना आकडे. निळ्या मेणाची पट्टी वितळवून चिकटवली की नदी. प्लास्टरचा गोळा ठेवला की डोंगर. एक फरशी तडकलेली होती, ती दलदल. तिथे पाय टाकणाऱ्याची एक पाळी बुडायची. जिथे बर्नर होता ती जागा ज्वालामुखी.

एक डाव महिना-दीड महिना चालायचा. कवळ्या शिजायला लागल्या की सोंगट्या कपाटातून बाहेर यायच्या, आणि शिजल्या की मेजर वहीत सगळ्यांच्या जागा टिपून घ्यायचा. कोण कुठल्या फरशीवर, नीट अक्षरात. दुसऱ्या दिवशी एकाने वही वाचायची, दुसऱ्याने मांडायचं. पुढेपुढे सोंगट्या ओट्यावर तशाच राहू द्यायची आणि त्यांच्या कडेने काम करायची सवय झाली. झाडूवालीही त्यांच्या बाजूने फडकं फिरवायची. वही तेवढी रोज भरायची. उघडून मात्र कुणी बघत नसे.

बारा वर्षं हे चाललं. दातकरची लेक जन्मली त्या दिवशीही मेजरने आधी अभिनंदन केलं आणि मग म्हणाला, "आज तुझी पाळी मी राखून ठेवतो. उद्या ये." कामाला जाताना पायांत जी घाई असायची ती कामाची नव्हती, हे दातकरला फार उशिरा कळलं.

* * *

मग तो डाव आला.

सात आठवडे झाले होते आणि दातकर पुरता कोंडीत सापडला होता. मेजरचे घोडेस्वार नदीच्या पलीकडे गोळा झाले होते आणि त्यांच्या पुढे खुद्द पांढरा सेनापती पुलावर येऊन उभा होता. पूल होता च-अकरावर. दातकरची तोफ होती घ-सातवर. एका ओळीने हुकलेली. ती च-सातवर असती तर पुलावरचा सेनापती थेट तोंडासमोर होता. पण नियमाने सरकवायची तर ती पाळी जाणार आणि तोवर मेजर पूल ओलांडून आत.

त्या दिवशी दातकर कारखान्यात पहिला आला. खोलीत कुणी नव्हतं. ओट्यावर डाव मांडलेलाच होता. तो नुसता बघायला गेला. तोफेवर बोट ठेवलं, तेही नुसतं, अंतर बघायला. आणि बोटाने ती एक फरशी सरकली. घ-सातवरून च-सातवर. परत ठेवायला एवढाच वेळ लागला असता. तेवढ्यात जिन्यावर मेजरचं शीळ घालणं ऐकू आलं आणि दातकर प्लास्टर कालवायला वळला.

दुपारी साचे पाण्यात गेले. दातकरची पाळी होती. "डागतो," तो म्हणाला. मेजर ओट्यावर वाकला. बराच वेळ तोफेकडे बघत राहिला, मग पुलाकडे, मग पुन्हा तोफेकडे. डोळे चोळले. दातकरच्या कानांत पाणी उकळल्याचा आवाज नुसता घुमत होता.

"टाक फासा," मेजर म्हणाला.

पाच पडलं.

मेजरने आपला सेनापती उचलला, बाजूला आडवा ठेवला आणि हात पुढे केला. "छान मारलास." एवढंच. वही भरायची गरज नव्हती, डाव संपला होता.

त्यानंतर नवा डाव मांडलाच गेला नाही. मेजर गप्प झाला. दोनदा रजा घेऊन कुठे जाऊन आला, काही बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली. "बहिणीच्या गावी जातोय," असं मालकांना सांगितलं. दातकरला तर तेवढंही धड सांगितलं नाही. खांद्यावर हात ठेवला, वही पिशवीत टाकली आणि जिना उतरून गेला. सोंगट्यांचे दोन डबे मागे राहिले.

दातकरने जे समजायचं ते समजून घेतलं. मेजरला कळलं होतं. घरी जाऊन त्याने वही उघडली असणार, घ-सात वाचलं असणार. तो आपल्यावर दात धरून गेला. कवळ्या करणाऱ्या माणसाला हा शब्द सुचावा याचंही त्याला वाईट वाटलं. पत्र लिहायला तो तीनदा बसला आणि तीनदा उठला. लिहिणार काय? तोफ सरकवली? वाचणाऱ्याला हसू येईल अशी ती गोष्ट होती आणि तरी ती सत्तावीस वर्षं त्याच्या पोटात तशीच होती.

* * *

मंगळवारी दुपारी दातकर मेजरच्या दारात उभा राहिला. कवळी सांधून, घासून, चकाकवून डबीत ठेवली होती. धाकट्या बहिणीने दार उघडलं. तिनेच काल आली तेव्हा सांगितलं होतं, ती दवाखान्यात परिचारिका होती, निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांपूर्वी भावाला घेऊन इथे राहायला आली.

मेजर खिडकीशी खुर्चीत बसला होता. केस पांढरे, गाल आत गेलेले, पण बसणं तेच. त्याने मान वळवली आणि दातकरच्या चेहऱ्यावर नजर आणायला त्याला जरा वेळ लागला. आधी खांदा बघितला, मग कान, मग चेहरा. मग तोंडावर हात ठेवला.

"थांब," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "आधी दात दे. तुझ्याशी बिनदाताचा बोलणार नाही."

कवळी बसली. मेजरने जीभ फिरवून सांधा शोधला, सापडला नाही. "हात गेला नाही तुझा अजून," तो म्हणाला. मग दोघे एकमेकांकडे बघत बसले आणि धाकटी चहा ठेवायला निघून गेली, कारण तिला दोघांचंही तोंड बघवेना.

चहा झाला. मालक कधी गेले, कारखाना कधी बंद झाला, लेक कुठे असते, सगळं झालं. दातकरला वाटलं, आता उठावं. उठला नाही.

"मेजर, तुला एक सांगायचंय. तो शेवटचा डाव..."

"पुलावरचा."

"हो. त्यातली तोफ घ-सातवर होती. सकाळी कुणी नसताना मी ती च-सातवर सरकवली."

मग मेजर सावकाश पुढे वाकला. "तू सरकवलीस?"

"मी. तुला ठाऊक होतं ना? म्हणूनच गेलास ना?"

"मला काय ठाऊक असणार?" मेजरचा आवाज चढला. "अरे, मला वाटलं माझे डोळे गेले! मला पक्कं आठवत होतं, तोफ घ-सातवर आहे. आदल्या दिवशी मी स्वतः वहीत लिहिली होती. आणि बघतो तर च-सातवर. म्हटलं, झालं. आता फरश्यासुद्धा दिसेनात. वही उघडून बघायची मला भीती वाटली, दुसरं काही नाही. त्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो."

"आणि?"

"आणि काचबिंदू निघाला."

धाकटी दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, हा आजार माणसाला कळतच नाही. कडेकडेने नजर खात येतो. कळेपर्यंत निम्मी गेलेली असते. तुम्ही इतक्या लवकर कसे आलात, म्हणून विचारलं होतं त्यांनी. दादाने काही सांगितलं नाही. औषध वेळेवर सुरू झालं म्हणून इतकी वर्षं दिसलं तरी."

दातकर म्हणाला, "मग मला सांगितलं का नाहीस? नुसता निघून गेलास!"

"सांगितलं असतं तर तू मी लावलेले दात तपासायला लागला असतास," मेजर म्हणाला. "चोरून. मी घरी गेल्यावर. एखादा वाकडा दिसला तर गुपचूप सरळ करून ठेवला असतास आणि मला म्हणाला असतास, वा, काय लावलायस. मी ओळखतो तुला. ते मला नको होतं."

हे इतकं खरं होतं की दातकरने विषयच बदलला.

"आता किती दिसतं?"

मेजरने हाताची मूठ पोकळ करून डोळ्याला लावली. "नळीतून बघावं तसं. त्या ओट्याची एक फरशी दिसेल एका वेळी. एकच."

दातकर मान खाली घालून बसला. त्याला वाटलं, आता मेजर म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. तुझ्यामुळे डोळे वाचले, असंही कदाचित म्हणेल. त्याने तशी थोडी आशाही धरली होती.

"म्हणजे लबाडी केलीस," मेजर म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "बारा वर्षं मी तुझ्याशी खेळलो आणि तू माझी फरशी चोरलीस! डोळ्यांचं सोड. डोळे जायचेच होते. पण तो डाव माझा होता! मी तुझ्याशी हात मिळवला, हरलो म्हणून!" आणि मग बहिणीकडे वळून, "धाकटे, ती वही काढ. ट्रंकेत तळाशी आहे. याला म्हणावं, डाव तिथून पुन्हा."

* * *

त्या संध्याकाळी दातकरने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "सत्तावीस वर्षं तुम्ही अधूनमधून जेवताना गप्प व्हायचात. मला वाटायचं दुसरी कुणी बाई होती. आणि निघाली काय, तोफ?" मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा बाई, खेळा एकदाचे."

ओटा कारखान्याबरोबर कधीच तोडला गेला होता. दातकरने पट केला तो प्लास्टरचा. चार मोठ्या लाद्या ओतल्या, वाळवल्या आणि त्यावर पट्टी धरून रेघा कोरल्या, बोटाला लागतील इतक्या खोल. अकरा बाय अठरा. डाव्या कडेला अक्षरं उठावाची केली, खाली आकडे, जिथे नदी तिथे खोलगट चर. एका आठवड्यात मागची खोली प्लास्टरने पांढरी झाली. पहिली लादी काढताना तडकली, ती पुन्हा ओतली. त्याच्या हातात कितीतरी दिवसांनी तसली घाई आली होती.

रविवारी दुपारी लाद्या मेजरच्या टेबलावर जोडल्या गेल्या. डबे उघडले. धाकटीने चष्मा लावून वही वाचायला घेतली आणि दातकर मांडू लागला. "पांढरा सेनापती, च-अकरा. पांढरा घोडेस्वार, च-बारा. गुलाबी तोफ, घ-सात."

दातकरने तोफ घ-सातवर ठेवली. मेजरने बोट पुढे करून ती चाचपली, डावीकडची रेघ मोजली, घ वर बोट फिरवलं आणि मान हलवली. "कर सुरू. पाळी तुझी."

अडचण अशी होती की मेजरला एक फरशी दिसायची आणि डाव असायचा एकशे अठ्ठ्याण्णव फरश्यांचा. म्हणून प्रत्येक पाळीआधी दातकर सगळा पट मोठ्याने वाचून दाखवू लागला. क-एकपासून, ओळीने, जिथे जो असेल तो. मेजर डोळे मिटून ऐकायचा, ओठ हलवायचा. तिसऱ्या रविवारी वाचनात दातकरकडून एक प्यादा सुटला, तर मेजरने डोळे न उघडता म्हटलं, "झ-नऊवरचा मेला का? कधी?" बघतात तर तो प्यादा झ-नऊवर मजेत उभा होता.

पहिल्याच पाळीत पांढरा सेनापती पूल ओलांडून आत शिरला होता. दातकरने तोफ नियमाने सरकवली, पण उशीर झाला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी झाला असता तितकाच. तरी तो जिवावर उदार होऊन लढला. एक तोफ गेली, घोडेस्वार गेले. प्याद्यांची भिंत करून त्याने चार रविवार काढले. एका पाळीला तर फाशाने साथ दिली असती तर मेजरचा सेनापती पडलाच असता, पडले तीन. धाकटीने श्वास रोखून धरला होता, तो तिने सोडला, आणि कुणाच्या बाजूने रोखला होता ते तिलाच सांगता येईना.

पाचव्या रविवारी मेजरच्या दोन घोडेस्वारांनी गुलाबी सेनापतीला डोंगराशी गाठलं. ख-तीनवर. जायला वाट नाही. मेजरने फासा टाकला. त्याला तो दिसला नाही, टेबलावर हात फिरवून शोधावा लागला. बोटाने ठिपके मोजले. सहा.

दातकरने सेनापती उचलून आडवा ठेवला. मनाशी त्याने पूर्वीच ठरवलं होतं की हरलो तर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. हरल्याचं वाईटच वाटलं, अगदी रोख वाईट, बारा वर्षं हरताना वाटायचं तेच. आणि ते वाटलं म्हणून त्याला आतून फार बरं वाटलं. त्याने हात पुढे केला. मेजरला तो हात शोधायला क्षणभर लागला.

"छान मारलास," दातकर म्हणाला.

"माहीत आहे," मेजर म्हणाला.

पुढच्या रविवारी नवा डाव लागला, आणि त्यानंतर लागतच राहिला. त्या वर्षअखेरीस मेजरची नळीही बंद झाली. दोन रविवार तो खोलीतून बाहेर आला नाही. दातकर दोन्ही वेळा आला, बाहेर बसून धाकटीशी खेळला. ती दवाखान्यातल्यासारखीच खेळायची, कुणाला मरू द्यायचं नाही अशा हट्टाने, आणि त्यामुळे दोन्ही वेळा वाईट हरली. खेळताना दातकर सवयीने पट मोठ्याने वाचत होता. तिसऱ्या रविवारी तो झ-ओळीपर्यंत आला असताना आतून आवाज आला.

"धाकटे, ज-पाचवरचा घोडा मागे घे. मारेल तो तुझा."

"मग बाहेर येऊन तूच सांग ना," धाकटी म्हणाली. "मला इथवर ऐकू येत नाही."

हे काही खरं नव्हतं. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला, भिंतीला हात घासत पावलं आली आणि मेजर टेबलाशी येऊन बसला. दातकरने त्याच्यासाठी पट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. क-एक, रिकामी. क-दोन, गुलाबी प्यादा. क-तीन, रिकामी.